निदान म्हणजे काय? डोकेदुखीचा थोडा इतिहास



शेंदूरजनाघाटात येऊन डोकेदुखीवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांपैकी एकजण हसले. म्हणाले, सर, तत्त्वज्ञानाचं व्याख्यान ठेवलं की डोकेदुखी आपोआप येतेच, तिच्यासाठी वेगळा दिवस कशाला? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चौतीस वर्षं वर्गात उभं राहून आम्ही किती पोरांची डोकी दुखवली असतील त्याचा हिशेब नाही. पण हा विषय आम्ही मागून घेतला. आमचं स्वतःचं डोकं अकरा वर्षं दुखत होतं, आणि त्यातली निदान सात-आठ वर्षं ते आम्ही आमच्याच हातानं दुखवत होतो. हे कळायला फार उशीर झाला. तेव्हा आज थोडा इतिहास सांगू, आणि त्या इतिहासात आमची गोष्ट कुठं बसते तेही सांगू. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, नाडी पाहणारे नव्हे, एवढं लक्षात ठेवून ऐका.

आत्ता बोलताना ‘निदान’ हा शब्द येऊन गेला. ‘निदान सात-आठ वर्षं’, म्हणजे कमीत कमी. डॉक्टरकडे गेलो की तो ‘निदान’ करतो, म्हणजे रोग ओळखतो. पण जुन्या वैद्यकात निदान याचा पहिला अर्थ आहे कारण. रोग कशापासून झाला, ते निदान. आणि उपचारातली पहिली पायरी कोणती, तर निदानपरिवर्जन. ज्यानं रोग झाला ते आधी सोडा, काढा-लेप त्यानंतर. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात वैद्यकाचे चार भाग सांगितले आहेत: रोग, रोगाचा हेतू, आरोग्य आणि औषध. आपण पहिल्यावरून सरळ चौथ्यावर उडी मारतो. रोग आहे ना, मग गोळी द्या. मधला हेतू विचारायला कोणाला फुरसत आहे?

आमची आई डोकं दुखलं की लुगड्याचं फडकं फाडून कपाळावर करकचून आवळायची, त्याखाली सुंठ उगाळून लेप, आणि भिंतीकडे तोंड करून अंधाऱ्या खोलीत पडायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “काई नाई झालं बाप्पा, उनाचं हाय. थोडी पडतो अन् उठतो.” उन्हाळ्यात उनाचं, पावसाळ्यात ढगाचं, हिवाळ्यात वाऱ्याचं. आम्ही शिकल्यासवरल्यावर याला हसायचो. पुढे चरकसंहितेचं सूत्रस्थान वाचायला घेतलं, त्याच्या सतराव्या अध्यायात शिरोरोगांची कारणं आली, आणि हसू आवरतं घ्यावं लागलं. तिथं ऊन आहे, धूर आणि धूळ आहे, पूर्वेचा वारा आहे, दव आहे, ढग भरून येणं आहे. रात्रीचं जागरण आहे आणि दिवसाची झोप आहे. मलमूत्राचे वेग दाबणं आहे, मद्य आहे, मोठ्यानं बोलणं आहे (हे आमच्या धंद्याला लागू), न सोसणारा वास आहे, मनस्ताप आहे. आणि एक जोडी तर अशी आहे की वाचता वाचता आम्ही पुस्तक खाली ठेवलं: रडण्यानं डोकं दुखतं आणि आलेलं रडू दाबून धरण्यानंही दुखतं. आमच्या आईच्या पिढीच्या बायांबद्दल यापेक्षा खरं काय लिहायचं!

चरकानं त्या अध्यायात शिरोरोग पाच सांगितले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ते अकरा झाले. त्यातले तीन आपल्या घरोघर ओळखीचे आहेत. अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी, अर्धं डोकं फुटून जातं ती. ग्रीक वैद्य तिला हेमिक्रानिया म्हणत, म्हणजे अर्धी कवटी, आणि त्याचाच घासून घासून आजचा ‘मायग्रेन’ झाला. दोन दूरच्या भाषांनी एकाच दुखण्याला एकच नाव द्यावं, याचं कारण इतकंच की दुखणं दोन्हीकडे अर्ध्याच डोक्याचं होतं. दुसरा सूर्यावर्त. सूर्य वर चढेल तसं दुखणं चढतं, दुपारी कळस, आणि उन्हं कलली की उतरतं. ऐकायला कवितेसारखं वाटतं, पण कान-नाक-घशाच्या आजच्या डॉक्टरला विचारा. कपाळातल्या पोकळ्या, म्हणजे सायनस, सुजल्या की होणारं दुखणं पुष्कळदा असंच सकाळी सुरू होतं, दुपारपर्यंत वाढतं आणि संध्याकाळकडे ओसरतं. तिसरा शंखक, कानशिलातलं भयंकर दुखणं. त्याला त्यांनी जीवघेणं मानलं. म्हणजे कोणत्या डोकेदुखीला घाबरायचं आणि कोणत्या नाही, हा भेद त्यांना करायचा होता. तो भेद आपण विसरलो की पंचाईत होते. त्याच्याकडे शेवटी येऊ.

उपचारही जाता जाता पाहू. नाकात औषधी तेल-तूप सोडायचं ते नस्य, डोक्यावर तेल, लेप, रक्त काढणं. आणि डाग. भुवया, कपाळ, कानशील या जागी डाग द्यावा असं सुश्रुतानं शिरोरोगासाठी सांगितलं आहे. तेव्हा आपल्याकडे लहानपणी ज्यांनी बिब्ब्याचे किंवा तापल्या सळईचे डाग पाहिले, त्यांनी ते नुसतं अडाणीपण समजू नये, त्याला पोथीचा आधार होता. आधार होता म्हणून ते बरोबर होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कानशिलावर बिब्ब्यानं जळालेली कातडी घेऊन आयुष्य काढलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांचं डोकं दुखायचं थांबलं नव्हतं. मग अर्धशिशी उतरवायचा मंत्र, दिवस उगवायच्या आत दुधासोबत जिलबी, मीठमोहरीनं दृष्ट काढणं. जिलबीच्या बाजूनं आम्ही एवढंच म्हणू की रात्रभर रिकाम्या पोटी राहून ज्यांचं डोकं दुखतं त्यांना सकाळी पोटात काही गोड गेलं तर बरं वाटण्यासारखं आहे. मधुमेह असेल त्यांनी हा भाग ऐकलाच नाही असं समजावं. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ पुष्कळ मराठी घरांत देव्हाऱ्याशेजारी असायचा. त्यात पाहून घरच्या घरी किती लोकांनी काय काय केलं असेल, देव जाणे.

आता एवढी कारणं एकदम मांडली की माणूस गोंधळतो. ऊन, वारा, ढग, जागरण, वास, मनस्ताप. सगळंच कारण असेल तर कारण असं काय राहिलं? इथं आमच्या विषयाचा थोडा उपयोग होतो. न्यायशास्त्रात कारणाची व्याख्या अशी की कार्याच्या आधी जे नेमानं असतं, आणि जे ‘अन्यथासिद्ध’ नसतं, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे काय, हे समजवायला जुन्या पंडितांनी कुंभाराचं गाढव घेतलं आहे. कुंभार माती आणतो गाढवावर. मडकं घडायच्या आधी गाढव असतं. पण म्हणून गाढव मडक्याचं कारण होत नाही. माती डोक्यावर आणली असती तरी मडकं झालंच असतं. माती हे कारण, कुंभार हे कारण, चाक-दांडा हे कारण, आणि गाढव आपलं उगाच शेजारी उभं. आम्ही वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची आणि परीक्षेत गाढव तेवढं आठवायची.

डोकेदुखीच्या इतिहासात गाढवं फार. एक उदाहरण परदेशातलं देतो, कारण ते एका तत्त्वज्ञ बाईचं आहे आणि आम्हाला ती फार जवळची वाटते. अ‍ॅन कॉन्वे, १६३१ ते १६७९, इंग्लंडातली. लहान वयापासून भयंकर डोकेदुखी, ती मरेपर्यंत सुटली नाही. पैसा होता, ओळखी होत्या, तेव्हा त्या काळातले मोठमोठे वैद्य तिला पाहून गेले. शरीरात रक्त फिरतं हे सिद्ध करणारा विल्यम हार्वे, मेंदूच्या रचनेवर ज्याचं नाव आजही घेतलं जातं तो थॉमस विलिस. पारा देऊन झाला. १६५६ मध्ये ती पॅरिसला गेली ती कवटीला भोक पाडून घ्यायच्या तयारीनं. तिथल्या शल्यवैद्यांनी कवटीला हात लावला नाही, मानेतल्या रक्तवाहिन्या उघडून रक्त काढलं आणि परत पाठवलं. १६६६ मध्ये नुसत्या हात फिरवण्यानं रोग बरे करतो म्हणून गाजलेला व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स नावाचा आयरिश माणूस आला. त्याच्यानंही काही झालं नाही. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि त्या कारणाला बेतलेला एक उपाय होता. दुखणं आपल्या जागी होतं.

पण त्या बाईनं त्यातून काय काढलं पाहा. त्या काळी देकार्तचं मत जोरात होतं, की मन वेगळं आणि शरीर वेगळं, दोघांची जातच निराळी. कॉन्वेनं विचारलं, इतके जर ते वेगळे, तर शरीराला दुखापत झाल्यावर आत्म्याला इतकं दुखतं कशाला? ज्याची जात वेगळी त्यानं दुरून बघावं की! तिचं पुस्तक तिच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये लॅटिनमध्ये निघालं, लाइब्निट्झनं तिची वाखाणणी केली. डोकेदुखीवर औषध मिळालं नाही, पण डोकेदुखीतून देकार्तवरचा एक आक्षेप मिळाला. ज्याचं डोकं कधी दुखलं नाही त्याला हा आक्षेप सुचला नसता, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. मुंबईत १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु या आंध्रातल्या गृहस्थांनी अमृतांजन काढलं. पुढे १९१४ मध्ये कंपनी मद्रासला गेली. गाण्याच्या मैफिलींत त्यांनी ते फुकट वाटलं असं सांगतात. आमच्या घरी ती पिवळी बाटली सणासुदीच्या पाहुण्यासारखी जपून ठेवलेली असे. अशा बामांत जो मेंथॉल किंवा पुदिन्याचा अर्क असतो तो कातडीला गार भास देतो, आणि साध्या ताणाच्या डोकेदुखीत त्याचा उपयोगही होतो. जर्मनीत १९९६ मध्ये पुदिन्याच्या तेलाची पॅरासिटामॉलशी तुलना केली, तेव्हा तेल कमी पडलं नाही. शिवाय बाम कितीही चोळला तरी फार तर डोळ्यात जाऊन पाणी येईल.

गोळीची गोष्ट वेगळी. फेनासेटिन १८८७ पासून बाजारात. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमान यानं अ‍ॅस्पिरिन शुद्ध रूपात बनवलं ते १८९७ मध्ये, विक्रीला आलं १८९९ मध्ये. पुढे अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांची तिहेरी गोळी निघाली. तिची आद्याक्षरं घेऊन ए.पी.सी. हे नाव पडलं. आमच्या वयाच्या लोकांना सरकारी दवाखान्यातली पांढरी ए.पी.सी. आठवत असेल. ताप असो, अंग दुखो, डोकं दुखो, कागदाच्या पुडीत तीच.

या तिहेरी औषधांचं पुढे काय झालं ते स्वीडनमधल्या हुस्कवर्ना नावाच्या कारखान्याच्या गावात दिसलं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या योर्टन नावाच्या डॉक्टरनं एक पूड लिहून दिली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफीन. साथ गेली, पूड राहिली. कामगार रोज घेऊ लागले, कामाचा वेग सांभाळायला, डोकं हलकं वाटायला. वर्षांमागून वर्षं. मग लोक मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागले. ग्रिमलुंड या डॉक्टरनं १९६३ मध्ये ते सगळं मांडलं. त्याआधी १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधूनही तशीच बातमी आली होती. पुढे अनेक देशांनी फेनासेटिन बंद केलं. आता यातली आम्हाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट मूत्रपिंडाची नाही. ती माणसं पूड का घेत होती? डोकं दुखू नये म्हणून. आणि रोज का घ्यावी लागत होती? न घेतल्यास डोकं दुखत होतं म्हणून.

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी अर्धशिशीवरचं एर्गोटामिन वारंवार घेणाऱ्या रोग्यांबद्दल लिहिलं, की औषध थांबवलं की डोकेदुखी उसळते आणि काही दिवस निभावले की पहिल्यापेक्षा कमी होते. १९८२ मध्ये ली कुड्रो यानं साध्या वेदनाशामकांबद्दल तेच दाखवलं. १९८८ मध्ये डोकेदुखीचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झालं, तेव्हा औषधानं होणाऱ्या डोकेदुखीला त्यात जागा मिळाली. आज तिची खूण अशी सांगतात: आधीपासून डोकेदुखी असलेल्या माणसाचं डोकं महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस दुखतं, आणि तो तीन महिन्यांहून अधिक काळ साधी गोळी महिन्यात पंधरा दिवस, किंवा दोन-तीन औषधांची मिसळ असलेली गोळी दहा दिवस घेत असतो. म्हणजे आठवड्याला तीन मिसळीच्या गोळ्या झाल्या की आपण त्या रेषेवर उभे. गुडघ्यासाठी रोज गोळी घेणाऱ्याचं असं होत नाही हो, हे ज्याचं डोकं मुळात दुखरं आहे त्याचंच होतं.

आमचं असंच झालं. वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल, विद्यापीठाच्या पेपर तपासणीचे दिवस, डोकं दुखायला लागलं. तपासायच्या गठ्ठ्याबरोबर एक गोळी. मग रविवारी एक, कारण रविवारी उशिरा उठलो की दुखायचं. मग प्रवासाला निघायच्या आधी एक, दुखू नये म्हणून. वर्षा-दोन वर्षांत सकाळच्या चहासोबत गोळी हा नेमच झाला, लोक संध्या करतात तसा. मध्यंतरी चष्मा तीनदा बदलला. नाकाचा एक्स-रे झाला. मानेचे मणके झिजले म्हणून कोणी गळ्यात पट्टा घातला, तो लावून आम्ही कांटवर व्याख्यान दिलं तेव्हा विद्यार्थ्यांना कांट आणखी अवघड वाटला असेल. रक्तदाब वाढलाय, त्यानं दुखतं, असंही झालं. खरं तर थोडाफार वाढलेला रक्तदाब सहसा डोकं दुखवत नाही, पुष्कळदा त्याची काहीच खूण नसते, आणि म्हणूनच तो मोजावा लागतो. ही सगळी गाढवं होती. प्रत्येक डॉक्टरनं मन लावून तपासलं, पण दिवसाला किती गोळ्या घेता असं कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? गोळी हा उपाय होता ना. उपायाला कारणांच्या यादीत कोण बसवतं?

शेवटी नागपूरला मेंदूच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, महिन्यात किती दिवस गोळी लागत नाही? आम्ही म्हटलं, मोजलं नाही. ते म्हणाले, वही घ्या. एक महिना रोज लिहा. दुखलं का, किती, काय खाल्लं, किती झोपलात, कोणती गोळी, किती. आम्ही लिहिलं. एकतीस दिवसांच्या महिन्यात गोळीचे दिवस निघाले सव्वीस. आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवलेल्या माणसाला आपलं कारण सापडायला एक वही आणि एक रुपयाचं पेन लागलं. त्यांच्या देखरेखीखाली गोळी बंद केली. पहिले आठ-नऊ दिवस असे गेले की अ‍ॅन कॉन्वे कवटीला भोक पाडून घ्यायला का निघाली असेल ते नीट कळलं. ओकाऱ्या, चिडचिड, रात्रभर जागरण. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून डोक्याची आठवणच झाली नाही. डोकेदुखी पूर्ण गेली असं नाही. मूळची अर्धशिशी होती ती आहे, महिन्यात एक-दोनदा येते, आईकडून आलेली आहे. पण ती आमची आहे, विकत घेतलेली नाही. हे ऐकून कोणी घरी जाऊन सगळ्याच गोळ्या फेकून देऊ नका. रक्तदाबाची, फिटची, मधुमेहाची गोळी ही वेगळी गोष्ट, आणि वेदनेच्या काही औषधांची सवय अशी असते की ती एकदम सोडणंही धोक्याचं. डॉक्टरला विचारून, पण विचारा.

आता वहीची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या भागातली वही कशी दिसेल? तुम्ही संत्र्याची माणसं आहात. शेंदूरजनाघाटची कलमं कुठं कुठं जातात ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. झाडाची पानं पिवळी पडली की तुमच्यातला जाणता माणूस वरून फवारा मारत सुटत नाही. खाली वाकतो, खोडाशी माती उकरतो, डिंक्या लागलाय का, पाणी साचतंय का ते पाहतो. बहाराचा ताण किती दिवस द्यायचा, कोणत्या जमिनीत किती, ते तुम्हाला तोंडपाठ. झाडाच्या बाबतीत आपण निदानपरिवर्जन करतो. स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत वरून फवारा.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बागेत ओलित करणाऱ्या माणसाचं डोकं दुखणं हे बहुतेक वेळा पाणी आणि मीठ कमी पडल्याचं दुखणं असतं. दुपट्टा, पन्हं, आंबील, सावली. गोळीआधी दोन तांबे पाणी पिऊन अर्धा तास पडून पाहावं. घाम थांबला, अंग तापलं, माणूस बरळायला लागला तर मात्र पन्ह्याची वाट पाहू नये, अंगावर पाणी मारत दवाखाना गाठावा. चहाचंही असंच. रोज पाच-सहा कप पिणाऱ्यानं एकादशीला चहा सोडला की दुपारी डोकं धरतो, लोक म्हणतात उपास लागला. उपासही असतो आणि कॅफीन तुटलेलंही असतं. पुष्कळ डोकेदुखीच्या गोळ्यांत तेच कॅफीन घातलेलं असतं, म्हणून गोळीनं लगेच बरं वाटतं. आणि हिवाळ्यात दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवतात, सकाळी घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतं. सगळ्यांचं एकदम दुखलं तर ते वाऱ्याचं नाही, कोळशाच्या धुराचं विष आहे. आधी दार उघडा आणि सगळे बाहेर पडा, नंतर दवाखाना.

बायकांच्या डोकेदुखीबद्दल एक सांगायचं आहे. डोक्यावरून पाणी घेतलं की डोकं दुखतं, असं आपल्या आयाबहिणी सांगायच्या आणि पुरुष त्याला खूळ म्हणायचे. मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं, ज्यांना केस धुतल्यानं अर्धशिशी उठत होती. पाश्चात्त्य यादीत हे कारण नव्हतं, कारण तिथं बाया लांब केस घेऊन आठवड्यातून एकदा न्हायला बसत नाहीत. ते वाचल्यावर आम्हाला आठवलं की आईची डोकेदुखी पुष्कळदा सोमवारची असायची. सोमवारी ती न्हायची. सोमवारी तिचा उपासही असायचा. चुलीचा धूर तर रोजचाच. यात माती कोणती आणि गाढव कोणतं, ते आता कसं कळणार! तेव्हा तिला कोणी वही दिली नव्हती, आणि दिली असती तरी तिला लिहिता येत नव्हतं. घरात लिहिता येणारे आम्ही एकटेच होतो, आणि आम्ही हसत होतो.

राहिली फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसं विषबाधेनं दवाखान्यात गेली, वीसच्या वर दगावली. कपाशी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, औषधांवर औषधं मिसळली जात होती. अशा विषबाधेची सुरुवात पुष्कळदा कशानं होते? डोकं दुखतं, मळमळतं, घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांपुढं धूसर होतं, बाहुल्या बारीक होतात. आणि रोजंदारीवरचा माणूस काय करतो? किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी घेतो, चहा पितो आणि पंप पुन्हा पाठीवर चढवतो. त्या गोळीनं डोकं थोडं हलकं होतं, आणि ते हलकं झालं हाच घात. निदान सांगत होतं की सोड, आणि गोळीनं त्याला गप्प केलं. संत्र्याच्या बागेत झाडाखाली उभं राहून वर फवारताना तर औषध अंगावर गळतंच. फवारणाऱ्याचं डोकं दुखलं तर त्या दिवसाचं काम संपलं असं मालकानं समजावं, कपडे उतरवून साबणानं आंघोळ, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन दवाखाना. डबा विसरू नका. डॉक्टरला कोणतं विष ते कळलं तर उतारा लवकर सुरू होतो. डबा न्यायला मालकाला लाज वाटू नये.

शंखकाकडे येतो म्हटलं होतं. कोणत्या डोकेदुखीला घाबरायचं? क्षणात वीज पडावी तशी आलेली, आयुष्यातली सगळ्यात मोठी. तापासोबत मान ताठ झालेली. बोलणं अडखळतं, हातपाय लुळा पडतो, एका बाजूला दिसेनासं होतं. मार लागल्यानंतरची, मोटरसायकलवरून पडून दोन आठवडे झाले असले तरीही. सकाळी उलटीसकट येणारी आणि दिवसेंदिवस वाढणारी. बाळंतपणातली आणि गरोदरपणातली. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, त्यातही कानशील दुखतं आणि घास चावताना जबडा भरून येतो अशी. यांना वही नको, गोळी नको, जिलबी तर नकोच. गाडी काढा.

आमचं बोलून झालं. मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसलेत, बहुतेक जिलबीबद्दलच विचारणार. विचारा.